हरायचं कंत्राट

पेडण्याच्या आमच्या कार्यालयात निविदा भरणारा प्रत्येक जण जिंकायला यायचा. तो एकटा हरायला यायचा, आणि हरून गेला की त्याच्या चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान असायचं.

समोर आम्ही त्याला काका म्हणत असू. पाठीमागे सगळे ‘तिसरो’ म्हणत. सरकारी कामाला एकच निविदा आली की वरचे साहेब शंका घेतात, दोन आल्या तरी कपाळाला आठ्या पडतात, तीन आल्या की फाईल शोभून दिसते. तालुक्यातली बरीचशी कामं ज्याला मिळायची त्या मोठ्या ठेकेदाराला सगळे पात्रांव, म्हणजे मालक, म्हणत. त्याची स्वतःची एक निविदा, त्याच्या साडूची दुसरी, आणि तिसरी काकाची. धंद्यात याला ‘सपोर्ट टाकणं’ म्हणतात. साडू आणि काका पात्रांवपेक्षा चढा दर भरत, पात्रांवचा दर सर्वांत कमी ठरे, काम त्याला मिळे, आणि हरल्याबद्दल काकाला एक पाकीट पोचे. हे मला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी कनिष्ठ अभियंता, डिचोलीहून रोज गाडीनं येणारा, चतुर्थीला पात्रांवच्या घरी नेवऱ्या खाणारा. कागदात चूक नसली की माझ्या डोळ्यांना काही दिसत नसे.

आता निविदा संगणकावर भरतात. प्रत्येक ठेकेदाराला सहीसाठी एक लहानशी चावी मिळते, पेन ड्राइव्हसारखी. बाकीचे लोक आपापल्या चाव्या पात्रांवच्या टेबलाच्या खणात ठेवून मोकळे झाले होते. त्याचा कारकून एकाच खुर्चीत बसून दोन-दोन, तीन-तीन माणसांच्या सह्या करायचा. काकाची चावी मात्र त्याच्या गळ्यात, करगोट्याच्या काळ्या दोऱ्यात, बनियनच्या आत असे.

“दी रे ती चावी,” पात्रांव एकदा माझ्यादेखत त्याला म्हणाला. “म्हाताऱ्या मनशान कित्याक बशीन म्हापश्याक वचप?”

“हरपाक हांव स्वता वतां,” काका म्हणाला. “दुसऱ्यान माका हरयल्लो माका मानवना.”

आणि खरंच तो बस पकडून म्हापशाला जायचा, तिथल्या संगणकाच्या दुकानात बसून स्वतःची हार स्वतः भरायचा. झेरॉक्स काढताना यंत्राला चिकटून उभा राहायचा आणि बिघडलेल्या प्रतीसुद्धा मागून घ्यायचा. चहा आला की तुमचा कप स्वतःकडे ओढून स्वतःचा तुमच्यापुढे सरकवायचा. कार्यालयात शिरताना चपला दाराशी न काढता पिशवीत घालून आत आणायचा. वाटेत कुणी “काका, खंयच्यान आयले?” असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं होतं, “वाटेन.”

आमच्या कार्यालयात त्याच्याबद्दल एक कुजबुज होती. हरणारा माणूस निविदा उघडायच्या दिवशी हजर कशाला राहतो? शेवटच्या खुर्चीत बसून सगळ्यांची तोंडं कशाला न्याहाळतो? आमचा हेडक्लार्क म्हणे, हा दक्षता विभागाचा माणूस असणार. काका आत आला की बोलणी पावसापाण्यावर यायची. मीही त्यात होतो. एकदा केरीच्या बाजूला एका गटाराच्या कामाची जागा पाहायला गेलो, तर हा आधीच तिथे, हातात काठी, काठीला खुणा, गटाराची रुंदी मोजतोय. निविदा अजून भरायच्या होत्या. हरणाऱ्याला जागा बघायची गरज काय? मी गाडी मागच्या मागे वळवली आणि दोन दिवस माझ्या जुन्या फायली चाळत बसलो. त्यांत सापडण्यासारखं काही नव्हतं.

पुढे ओळख वाढल्यावर मी त्याला त्याबद्दल विचारलंच.

“खोटो दर घालतलो जाल्यार खरो कितलो तें कळूंक नाका?” तो म्हणाला. म्हणजे हा प्रत्येक कामाचा खरा हिशेब आधी काढायचा, आणि मग त्यावर हरण्यापुरतं चढवायचा. मला ते पटलं नाही. इतके कष्ट कोणी उगाच घेतं का?

तरुणपणी त्यानं ठेकेदारीचा परवाना काढला तो बांधण्यासाठीच. पहिल्या निविदेत तो हरला. त्या वेळी पात्रांवच्या बापानं येऊन, वाईट वाटून घेऊ नको म्हणत त्याच्या हातात पाकीट ठेवलं. “पयलें खरेंच हरलों,” तो मला म्हणाला. “मागीर सवय जाली.” काजूचं एक भाट, म्हणजे बागायत, होतं, थोडी शेती होती, भागत होतं. जन्मात त्यानं ठेकेदार म्हणून एक वीटही बसवलेली नव्हती.

हळर्णच्या एका वाड्याजवळ ओहोळ आहे. त्यावर साकव हवा होता, म्हणजे एक चारचाकी जाईल एवढा लहान पूल. पावसाळ्याचे महिने त्या वाड्यातल्या लोकांना लांबचा वळसा पडे. जागा आडवळणाची, नफा थोडा, त्यामुळे दोनदा निविदा काढूनही कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या खेपेला मोठ्या साहेबांनी पात्रांवला गळ घातली. तो तयार झाला. नेहमीप्रमाणे तीन निविदा आल्या.

उघडायच्या दिवशी मोठे साहेब, मी, पात्रांव आणि शेवटच्या खुर्चीत काका, असे आम्ही पडद्याकडे पाहत होतो. पहिली निविदा पात्रांवची. तिच्यात कराचा दाखला होता तो साडूच्या नावाचा. दुसरी साडूची. तिच्यात दाखला पात्रांवचा. कारकुनानं एकाच खुर्चीत बसून दोघांचे कागद चढवताना अदलाबदल केली होती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“दोन्ही बाद,” ते म्हणाले.

उरली काकाची. कागद चोख, दर अंदाजपत्रकाच्या थोडा वर, पण मान्य होण्याजोगा. आणि तिसऱ्या खेपेला एकच निविदा टिकली तरी ती स्वीकारता येत होती.

काका उठून पडद्यापाशी आला.

“सायबा, परत एकदां पळय.”

“पाहिलं. तुमचंच आहे.”

“बरें करून पळय. खंय तरी चूक आसतली.”

मग तो पात्रांवकडे वळला. पात्रांव त्याच्याकडेच पाहत होता. पात्रांवला वाटत होतं, म्हाताऱ्यानं आपला कारकून फोडला. काकाला वाटत होतं, पात्रांवनं आपल्याला मुद्दाम जिंकवून अडकवलं. आणि मला वाटत होतं, हे दोघं मिळून काहीतरी करताहेत आणि शेवटी त्यात सापडणार मी.

बाहेर चहाच्या टेबलावर पात्रांवनं नेहमीचा मार्ग काढला. “जालें तें जालें. नांव तुजें, काम माजें. तूं घरा न्हिदून राव.”

काकानं पात्रांवचा कप स्वतःकडे ओढला. “ना.”

“कित्याक ना?”

“तूं माका हरपाचे पैशे दितालो. जिंखपाचे केन्नाच दिवंक ना.”

“आरे, पूल बांदपाक येता तुका? घराची पायरी तरी केन्ना बांदल्या?”

“येता काय ना तें आतां कळटलें,” काका म्हणाला. चहा तसाच ठेवून तो उठला.

नकार दिला असता तर अनामत बुडाली असती, नाव काळ्या यादीत गेलं असतं. होकार दिल्यावर त्याहून मोठा धोका होता. बँकेची हमी मिळवायला त्यानं काजूचं भाट गहाण टाकलं. काम नापास झालं तर भाट जाणार होतं. माझ्याकडे त्या कामाची देखरेख होती, म्हणजे पास की नापास हे पहिल्यांदा मी लिहिणार होतो.

बेळगावकडचा एक मेस्त, म्हणजे गवंडी, आणि त्याचे गडी आले. काकानं ओहोळाच्या काठावर छत्री रोवली, सिमेंटच्या पोत्यांवर बसला आणि कामाकडे असा पाहू लागला, जणू कोणीतरी ते चोरून नेणार आहे. वाळू आली की मुठीत घेऊन दाबायचा. ओहोळाचं पाणी नको म्हणून घरच्या विहिरीचं पाणी पिंपांत भरून आणवलं. खडीचा ट्रक आला की ड्रायव्हरला विचारायचा, आधी कुठे थांबला होतास.

“काय माणूस हाय ओ साहेब,” मेस्त मला बाजूला घेऊन म्हणाला. “माझी बायको एवढी नजर ठेवत न्हाई. दिसभर माझ्या थापीकडं बघत बसतोय. हगायला गेलो तरी इचारतोय, इतका येळ का लागला.”

दुपारी काकाची बायको पेजेचं भांडं घेऊन यायची. त्याचं जेवण कमी झालं होतं. “हरतालो तेन्ना बरो जेवतालो,” ती मला म्हणाली आणि भांडं परत झाकून घेऊन गेली. त्या वाक्यावर मी तिच्यासमोर हसलो. आजही आठवलं की मान खाली जाते.

एक दिवस अचानक जागेवर गेलो, तर तिथे काँक्रीटचं मिक्सर फिरत होतं आणि त्यावर पात्रांवचं नाव रंगवलेलं होतं. मनात म्हटलं, सापडला. काम शेवटी पात्रांवच करतोय, हा नुसता छत्रीखाली बसलाय.

“काका, हे कुणाचं?”

“वाचूंक येना तुका? पात्रांवचें. भाड्यान हाडलां.”

“दुसऱ्या कुणाचं मिळालं नाही?”

“दुसरो वायट मशीन धाडटलो. पात्रांवचें नांव रंगयलां ताचेर. गांवांत आपलें मशीन बंद पडिल्लें ताका परवडना.” मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाला, “तूं आज कित्याक आयलो? आज येवपाचो दीस न्हय तुजो.”

मी काहीतरी सबब सांगितली. ती त्यानं ऐकून घेतली आणि मानली नाही. त्यानंतर मी मुद्दाम वेळा बदलून जाऊ लागलो. कधी सकाळी येतानाच, कधी जेवणाच्या सुट्टीत, एकदा रविवारी बायकोला माहेरी सोडायचं निमित्त करून. प्रत्येक वेळी पोत्यांवर तो बसलेला. मला पाहिलं की घड्याळाकडे बघून मान हलवायचा, जणू माझीच हजेरी लिहितोय.

स्लॅब ओतून झाला, सुकला. फळ्या निघाल्या. साकव सुंदर वगैरे नव्हता. कठड्याची एक बाजू किंचित झुकल्यासारखी वाटे, म्हणून मी ओळंबा लावून पाहिला, तर ती सरळ होती. त्याच आठवड्यात निनावी तक्रार आली, लोखंड कमी घातलंय. मोठ्या साहेबांनी मला सांगितलं, एके ठिकाणी फोडून बघा, जागा तुम्हीच ठरवा.

पात्रांवचा फोन आला. त्यानं तक्रारीचं नावसुद्धा काढलं नाही. “बाब, म्हाताऱ्याचें काम. बरें जांव. पूण तूं घाई करूं नाका. तुजें निवृत्त जावप लागीं आयलां. फुडें कितें जालें जाल्यार कागदाचेर तुजी सही आसतली.” एवढं बोलून त्यानं घरच्यांची चौकशी केली. फोन ठेवल्यावर मला कळेना, हा मला घाबरवतोय की खरंच सावध करतोय. पात्रांवच्या बोलण्यात हे दोन्ही एकाच आवाजात असायचं.

फोडायला मी उगवतीकडच्या भिंतीचा खालचा कोपरा निवडला. मेस्तानं छिन्नी लावली. काका शेजारी येऊन उभा राहिला.

“हांगाच कित्याक?”

“हा कोपरा भरला त्या दिवशी मी आलो नव्हतो.”

तो माझ्याकडे पाहून हसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. “बरें केलें,” तो म्हणाला. “हांवूय हांगाच फोडिल्लें आसतें.”

आत लोखंड होतं, नकाशात होतं तेवढं, तितक्याच अंतरावर. मेस्तानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होता, आता तरी गप बसा. पण मनात काय आलं ते सांगतो. मनात आलं, मी न आलेल्या दिवसाचीच जागा निवडणार हे म्हाताऱ्याला आधीच ठाऊक असेल, आणि त्यानं तेवढ्याच कोपऱ्यात नीट घातलं असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी साहेबांना न विचारता दुसऱ्या भिंतीत आणखी एक ठिकाण फोडायला लावलं. तिथेही होतं. मग मला वाटलं, स्लॅबमध्ये नसेल. माझ्या संशयाला तळ नव्हता, आणि अख्खा साकव फोडून बघायची मुभा नव्हती.

तीन-चार दिवस काम पुरं झाल्याच्या दाखल्याचा कोरा नमुना माझ्या टेबलावर पडून होता. त्यात कामाचा दर्जा लिहायला एक रकाना असतो. नापास लिहायला माझ्याकडे कारण नव्हतं. पास लिहायला माझ्यात धीर नव्हता. पात्रांव पुन्हा फोन करील अशी वाट पाहत होतो, कारण तो काही स्पष्ट बोलला असता तर त्याच्याविरुद्ध जाणं तरी सोपं झालं असतं. त्याचा फोन आला नाही. शेवटी एका सकाळी, चहा यायच्या आधी, मी रकान्यात ‘समाधानकारक’ लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि काकाला निरोप धाडला.

तो आला. चपला पिशवीत होत्या. दाखला उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. मला वाटलं, आता त्याचे डोळे भरून येतील, हात जोडील, मला बरं वाटेल. त्यानं दाखला टेबलावर उलटा ठेवला.

“कोणें सांगलें तुका?”

“कोणी नाही.”

“पात्रांवान फोन केल्लो मरे तुका?”

फोन आला होता. माझी नजर टेबलावरच्या फोनकडे गेली. तेवढं त्याला पुरलं.

“म्हणजे ताचेंच काम हें,” तो म्हणाला. “माका बरो म्हणून बांदून घालता. फाल्यां परत हरपाक बोलावतलो, तेन्ना हांव ना म्हणूंक शकचो ना.”

“काका, तो पास कर म्हणाला नाही. उलट घाई करू नको म्हणाला. सही माझी आहे. मी दोनदा फोडून बघितलंय.”

“दोनदां फोडलें आनी तरीय तुका खरें दिसलें? कशें?”

खरं वाटलं म्हणून मी सही केली नव्हती. खोटं ठरवता येईना, म्हणून केली होती. पण ते त्याला सांगायचं कसं? त्याचं भाट, त्याचं नाव, त्याचं उरलेलं आयुष्य त्या कागदावर होतं आणि तो त्याला हात लावायला तयार नव्हता. पात्रांवच्या शब्दावर मिळालेला पास त्याला नापासापेक्षा वाईट वाटत होता.

“तुजी गाडी आसा न्हय?” तो एकदम म्हणाला. “चल. साकवावेल्यान घाल. मागीर पळयतां.”

मी दाखला उचलून सोबत घेतला आणि आम्ही हळर्णला गेलो. दुपार होती, ओहोळात पाणी बेताचंच. अलीकडच्या काठावर तो खाली उतरला आणि मागे जाऊन उभा राहिला. “हांव हांगा रावतां. तूं वच.”

माझी गाडी जुनी, हलकी. तसल्या चार गाड्या एकदम उभ्या केल्या तरी त्या स्लॅबला काही होणार नव्हतं. हे मला आकड्यांनिशी माहीत होतं, कारण ते आकडे मीच मांडले होते. मी गियर टाकला. पुढची चाकं साकवाला लागायला हातभर अंतर उरलं आणि माझा पाय ब्रेकवर गेला. मी दाबायचं ठरवलं नव्हतं. क्षणभरच, पण गाडी थांबली. मागे ब्रेकचे लाल दिवे लागले असणार. मग मी पाय काढला आणि पलीकडे गेलो. साकव जागचा हलला नाही.

पलीकडे गाडी लावून मी आत तसाच बसून राहिलो. लाज वाटत होती. सही करून, शिक्का मारून, त्याच्यासमोर मी दचकलो होतो. आरशात तो चालत येताना दिसला, साकवाच्या मधोमध, काठी टेकत, सावकाश. खिडकीपाशी येऊन त्यानं हात पुढे केला.

“दी तो कागद.”

“काका, मी थांबलो होतो. तुम्ही पाहिलंत.”

“पळयलें म्हणून मागतां.”

मला कळेना.

“कोणाचें आयकून सही केल्ली आसती जाल्यार तूं सरळ गेल्लो आसतलो,” तो म्हणाला. “दुसऱ्याच्या सांगण्यान सही करता तो मनीस खंय थांबता? ताका कसली भीती? तूं थांबलो. म्हणजे सही तुजीच.”

त्यानं दाखला घेतला, उन्हात धरला, शिक्का अंगठ्यानं घासून पाहिला. मग घडी करून खिशात घातला आणि गाडीला वळसा घालून माझ्या शेजारच्या सीटवर बसला.

“आतां परत घे,” तो म्हणाला. “आनी ह्या वेळार थांबूं नाका.”

मी गाडी वळवली आणि साकवावर घातली. तो समोर पाहत नव्हता. पूल ओलांडेपर्यंत तो माझ्या पायाकडे पाहत होता.